५८ला निवृत्ती, मग परदेशात इंग्रजी: आखात बरं की आग्नेय आशिया?

महाराष्ट्रात शाळेतला शिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतो. निरोपाची शाल कपाटात जाते न जाते तोच कुणीतरी म्हणतं, "सर, तुमचं इंग्रजी एवढं चांगलं, बाहेर का नाही जात शिकवायला?" मग रात्री आपण मोबाईल घेऊन बसतो आणि तासाभरात हिरमुसतो. कुठे वय आडवं येतं, कुठे 'नेटिव्ह स्पीकरच हवा' असं लिहिलेलं असतं. माझी शोधाशोध ५७व्या वर्षी सुरू झाली. त्यातून कळलं ते एवढंच, की साठीची अट दोन प्रकारची असते. एक कायद्यात लिहिलेली. तिथे हुज्जत घालून उपयोग नाही. दुसरी संस्थाचालकाच्या डोक्यात असते. तिच्याशी दोन हात करता येतात. जाहिरातीत मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

आधी दोन देश यादीतून खोडून टाकू. चीनमध्ये भाषाशिक्षकाला कामाचा नेहमीचा परवाना साठीच्या आतच मिळतो, आणि तोही मुख्यतः इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या नागरिकांना. त्यात जुलै २०२१मध्ये सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर बडगा उगारला आणि क्लासेसमधल्या नोकऱ्याही आटल्या. म्हणजे भारतीय पासपोर्टवर तिथे तिशीतसुद्धा अवघडच. वयाला कशाला दोष द्यायचा? दक्षिण कोरियाचा ई-टू व्हिसा, म्हणजे भाषाशिक्षकाचा व्हिसा, सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१०पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारात सहायक इंग्रजी शिक्षकासाठी एक फट आहे खरी, पण तिथले सरकारी शिक्षक ६२ला निवृत्त होतात, म्हणजे हातात उरतात चारच वर्षं. शिवाय अर्जासोबत फोटो मागतात, आणि तिशीतल्या शिक्षिकेला साठीचा सहायक नको असतो. वडीलधाऱ्याला काम सांगायचं कसं? आपल्या स्टाफरूममध्ये तरी वेगळं काय असतं म्हणा.

उरतात दोन खरे पर्याय: आखातातल्या भारतीय शाळा, नाहीतर थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया.

आखातात पासपोर्टचा प्रश्नच येत नाही. दुबई, मस्कत, कुवेत इथल्या सीबीएसई शाळांना भारतीय शिक्षकच हवा असतो. बी.एड., सीबीएसईचा अनुभव, वर्ग ताब्यात ठेवायची हातोटी, हे सगळं तिथे चालतं. अमेरिकन उच्चार कुणी मागत नाही. करार संपताना ग्रॅच्युइटी मिळते (अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार) आणि तिथे पगारावर आयकर नाही. पैशाचा हिशेब मांडायचा तर हीच बाजू जड.

पण वयाचा काच इथेच जास्त, आणि तो बहुतेक दुसऱ्या प्रकारचा. ओमानने २०२२मध्ये खासगी क्षेत्रातल्या परदेशी नोकरदारांची साठीची मर्यादा काढून टाकली, तरी आपल्या शाळांच्या जाहिरातीत 'वय ४५पर्यंत' छापलेलं सापडतंच. कुवेतचं उलट झालं. तिथे २०२१पासून साठीवरच्यांचे परवाने अडकले, ती बातमी व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी वाचली. ती बंदी पदवी नसलेल्यांसाठी होती, हे फार थोड्यांनी वाचलं. आमच्यातल्या एका बाईंनी त्या बातमीवरून अर्जच भरला नाही. दुबईत आणखी एक गंमत: नवऱ्याच्या व्हिसावर आधीच तिथे राहणारी शिक्षिका शाळेला स्वस्त पडते. व्हिसा नको, तिकीट नको, घरभाडं नको. साठीच्या उमेदवारासाठी हे सगळं शाळेला करावं लागतं आणि वर आरोग्यविम्याचा हप्ता वयाबरोबर चढलेला. संस्थाचालक तोंडाने 'एनर्जी हवी' म्हणतो, मनात हप्त्याचा आकडा असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: आखातात जायचंच असेल तर ५८ची वाट पाहू नका. २० वर्षं सेवा झाली असेल तर स्वेच्छानिवृत्तीचा विचार ५२-५३ला करा. मात्र १ नोव्हेंबर २००५ला किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांचं पेन्शनचं गणित वेगळं आहे, त्यांनी ते आधी सोडवावं.

आग्नेय आशियात चित्र पालटतं. इथे वयाला कायद्याचा अडथळा कमी, पासपोर्टला आणि चेहऱ्याला जास्त. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. थायलंडमध्ये पालकांना गोरा शिक्षक हवा असतो. त्याला महिना तीस-चाळीस हजार बात (थायलंडचं चलन) मिळत असतील तर त्याच वर्गावर फिलिपिनो किंवा भारतीय शिक्षकाला कमी मिळतात. सरकारी शाळा साठीला हात आखडता घेतात, कारण त्यांचे स्वतःचे शिक्षक तेव्हाच निवृत्त होतात. खासगी शाळा तितक्या काटेकोर नसतात. भारतीयाला इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दाखवावे लागतात. ३५ वर्षं व्याकरण शिकवल्यावर परीक्षेला बसायचं जिवावर येतं, पण बसा. आयईएलटीएसचा निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून घाईही करू नका.

थायलंडचा एक सापळा नीट समजून घ्या. पन्नाशी ओलांडलेल्यांना तिथे निवृत्तीचा व्हिसा मिळतो. बँकेत ८ लाख बात किंवा महिना ६५ हजार बात उत्पन्न दाखवायचं. एजंट सांगतात, "या व्हिसावर या, शिकवायचं बघू." त्या व्हिसावर काम करायला मनाई आहे. सापडलात तर दंड तुम्हाला होईल, एजंटाला नाही.

व्हिएतनाममध्ये परवाना एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांचा, पुढे एकदाच वाढवून मिळतो. नंतर नव्याने अर्ज. परदेशी कामगारासाठी १८ वर्षं पूर्ण ही खालची अट आहे, पण आरोग्य तपासणीचा दाखला लागतो, म्हणजे रक्तदाब आणि साखर हीच तुमची वयोमर्यादा. वयाची खरी परीक्षा मात्र वर्गात होते. तिथले क्लासेस संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी भरतात, समोर सहा-सात वर्षांची पोरं, आणि शिकवणं म्हणजे गाणी, उड्या, जमिनीवर बसून खेळ. गुडघे कुरकुरत असतील तर लहान मुलांचे वर्ग घेऊ नका. मोठ्यांना आयईएलटीएसची तयारी करून देणारे वर्ग शोधा. तिथे पांढरे केस अंगावर येत नाहीत, उलट शोभतात.

कंबोडियात दार सगळ्यात सताड उघडं. व्यवसाय व्हिसा वाढवत राहता येतो, वर कामाचा परवाना काढायचा, व्यवहार बराचसा डॉलरमध्ये. पगार बेताचा. गंभीर आजारपण आलं तर लोक बँकॉक गाठतात, हे विसरू नका.

तर पेन्शन घरखर्चाला पुरत असेल आणि जग बघायची हौस असेल, तर मी आग्नेय आशियाच निवडेन, त्यातही मोठ्यांना शिकवण्याचं काम. मुलांचं शिक्षण किंवा घराचा हप्ता बाकी असेल तर आखात. पण रिकाम्या हाताने परतण्याची तयारी ठेवून. दोन्हीकडे नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला चुकवायचा नाही. आता तो चेहरा दाखवून मोबाईलवरूनही देता येतो.

आणि अर्ज करण्याआधी कागद काढून बघा. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, असं असलेल्या शिक्षिकांनी राजपत्रातली नावबदलाची नोंद आधी शोधावी. अमिरातीसाठी पदवीवर आधी राज्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो, आणि नावं जुळली नाहीत तर पहिल्याच खिडकीवरून परत पाठवतात.