मेलबर्नमधले पेलिकन्स: प्रदर्शनीय सामन्याचे तिकीट कशासाठी काढावे

ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्स पेलिकन्स हा एनबीएतील, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील, संघ मेलबर्नला आला आणि रॉड लेव्हर अरेनात त्याने दोन सामने खेळले: ३ तारखेच्या शुक्रवारी मेलबर्न युनायटेडशी आणि ५ तारखेच्या रविवारी साउथ ईस्ट मेलबर्न फिनिक्सशी. एनबीएच्या संघाने ऑस्ट्रेलियात येऊन सामना खेळण्याची ही पहिलीच वेळ होती. शुक्रवारच्या सामन्याला मी माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन गेलो होतो. दोन तिकिटांचे पैसे आमच्या घरच्या आठवड्याच्या किराण्याहून जास्त झाले, म्हणून त्या पैशांत नेमके काय मिळाले आणि असे सामने पुन्हा व्हावेत का, हे नीट लिहून ठेवावेसे वाटले. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र तो होकार समोर कोणता संघ उभा आहे यावर अवलंबून आहे.

आधी सामन्याविषयी. पेलिकन्सने तो दहा गुणांनी जिंकला. रविवारी फिनिक्सविरुद्धचे अंतर त्याहून कितीतरी मोठे होते. त्या शुक्रवारी न्यू ऑर्लिन्स आणि मेलबर्न यांच्या घड्याळांत पंधरा तासांचा फरक होता, आणि रविवारी पहाटे व्हिक्टोरियातील घड्याळे उन्हाळी वेळेसाठी नेहमीप्रमाणे एक तास पुढे गेल्याने तो सोळा झाला. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेला, स्वतःचा हंगाम सुरू व्हायला अजून अडीच आठवडे असलेला संघ पूर्ण ताकदीने खेळेल, ही अपेक्षा कोणी धरू नये. दुसरीकडे एनबीएलचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या व्यावसायिक लीगचा, हंगाम सप्टेंबरच्या मध्यानंतरच सुरू झाला होता, त्यामुळे मेलबर्नचे दोन्ही संघ सरावलेले होते. एकाकडे उंची, वेग आणि पगार. दुसऱ्याकडे जमलेली घडी. पहिल्या सामन्यातली चुरस या तफावतीतूनच आली, असे मला वाटते.

दूरदर्शनवर एनबीए पाहणाऱ्याला जी गोष्ट कधीच कळत नाही, ती प्रत्यक्ष सभागृहात पहिल्या दहा मिनिटांत कळते. पडद्यावर कॅमेरा चेंडूमागे धावतो. सभागृहात आपली नजर मोकळी असते, आणि मग दिसते की सात फुटांच्या आसपास उंचीचा माणूस चेंडू हातात नसताना किती काम करतो: तो एका पावलाने सहकाऱ्यासाठी वाट अडवून धरतो, लगेच वळून बास्केटकडे सरकतो, आणि तेवढ्यात समोरचे दोन बचावपटू आपापसांत ओरडून कोण कोणाला धरणार ते ठरवतात. बुटांचा करकर आवाज, खेळाडूंची एकमेकांना दिलेली हाळी, प्रशिक्षकाचा आवाज बसलेला असूनही न थांबणारा ओरडा, हे सारे आमच्या वरच्या मजल्यावरच्या जागेपर्यंत ऐकू येत होते. माझा मुलगा आमच्या उपनगरातल्या चौदा वर्षांखालील संघात खेळतो, आणि त्याचे प्रशिक्षक त्याला वर्षभर सांगत आले आहेत की बचाव करताना तोंड बंद ठेवू नकोस. त्या रात्री परतीच्या ट्रॅममध्ये तो स्वतःहून म्हणाला, "बाबा, ते सगळे सतत बोलत असतात." तिकिटाचा अर्धा पैसा माझ्या लेखी त्या एका वाक्यात वसूल झाला.

प्रदर्शनीय सामन्यावर नेहमीचा आक्षेप असा, की यात काही पणाला लागलेले नसते आणि नावाजलेले खेळाडू उत्तरार्धात बाकावर बसून राहतात. ते खरे आहे, परंतु त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मला पटत नाही. एनबीएचे संघ सराव शिबिरात एकवीसपर्यंत खेळाडू ठेवू शकतात. हंगाम सुरू होताना नियमित करार फक्त पंधरा जणांना आणि दुहेरी करार (मुख्य संघ आणि दुय्यम लीगमधला संघ अशा दोन्हींकडून खेळण्याचा) तिघांना मिळतो. म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये जे उतरतात, त्यांतील काहींसाठी हीच नोकरीची परीक्षा असते. शुक्रवारी शेवटची काही मिनिटे माझी नजर अशाच एका खेळाडूवर होती. त्याच्या जर्सीवरचे नाव मला ओळखीचे नव्हते. सामन्याचा निकाल जवळजवळ ठरला असताना तो प्रत्येक रिबाउंडसाठी, म्हणजे हुकलेल्या फटक्यानंतर परतणाऱ्या चेंडूसाठी, उडी घेत होता, बाहेर जाणाऱ्या चेंडूमागे जाहिरातींच्या फलकांपर्यंत धावत होता, आणि टाइमआउटमध्ये सर्वांत आधी प्रशिक्षकाजवळ पोहोचत होता. आमच्या आजूबाजूचे बरेच लोक तोवर गाडी काढायला निघून गेले होते. त्यांनी थांबायला हवे होते.

आता याची तुलना ऑगस्ट २०१९ शी करू. विश्वचषकाच्या तयारीसाठी अमेरिकेचा राष्ट्रीय संघ प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांच्या मार्गदर्शनाखाली मेलबर्नला आला आणि डॉकलंड्सच्या मार्व्हल स्टेडियमवर २२ व २४ तारखेला ऑस्ट्रेलियाशी खेळला. पहिल्या दिवशी ५१,२१८ आणि दुसऱ्या दिवशी ५२,०७९ प्रेक्षक आले; या देशात बास्केटबॉलला एवढी गर्दी त्यापूर्वी कधी झाली नव्हती. मात्र ते मैदान ऑस्ट्रेलियन फुटबॉल आणि क्रिकेटसाठी बांधलेले आहे. जेमतेम २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद कोर्ट त्याच्या मध्यभागी मांडले, की गॅलरीतला प्रेक्षक कोसभर दूर राहतो, आणि त्याच्यापुढे सपाट जमिनीवर मांडलेल्या खुर्च्यांवरून समोरच्याच्या डोक्यापलीकडचे काही दिसत नाही. नेमकी हीच तक्रार त्या वेळी अनेकांनी जाहीरपणे केली. शिवाय तिकिटे महिनोनमहिने आधी विकली गेली होती, आणि जेम्स हार्डन, अँथनी डेव्हिस, डेमियन लिलार्ड यांच्यासारख्या नामवंत खेळाडूंनी नंतर संघातून माघार घेतली. नावे पाहून पैसे मोजलेल्या लोकांना फसवले गेल्यासारखे वाटले, यात त्यांची काही चूक नव्हती.

आणि तरीही, २४ ऑगस्टचा तो सामना या देशाच्या बास्केटबॉलमधील अविस्मरणीय दिवसांत गणला जातो, कारण ऑस्ट्रेलियाने तो ९८–९४ असा जिंकला. पॅटी मिल्सने ३० गुण केले. एनबीएचे खेळाडू घेऊन खेळणारा अमेरिकेचा संघ २००६ पासून सलग ७८ सामने हरला नव्हता. ती मालिका त्या संध्याकाळी मेलबर्नमध्ये तुटली. मी तो सामना घरी पाहिला होता. शेवटच्या दोन मिनिटांत दिवाणखान्यात कोणीही खाली बसलेले नव्हते, आणि त्यांतल्या निम्म्या लोकांना फ्री थ्रो म्हणजे काय हेही माझ्या बायकोने तासाभरापूर्वीच समजावून सांगितले होते. बसण्याची व्यवस्था सदोष, विक्रीची पद्धत वादग्रस्त, बडी नावे गैरहजर, आणि एवढे असूनही सामना लोकांच्या मनात राहिला, तो केवळ घरचा संघ मैदानात होता म्हणून.

म्हणूनच दोन परदेशी संघांनी येथे येऊन एकमेकांशी खेळावे आणि स्थानिकांनी फक्त टाळ्या वाजवाव्यात, ही कल्पना मला ऑस्ट्रेलियासाठी मुळीच मान्य नाही. मुंबईची गोष्ट वेगळी होती. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे एनबीएचे दोन संघ खेळले, आणि मुंबईतच जन्मलेले विवेक रणदिवे हे किंग्जचे मालक या नात्याने तो संघ आपल्या गावी घेऊन आले. पहिल्या दिवशी सभागृह शाळकरी मुलांनी भरलेले होते आणि पेसर्सने तो सामना जादा वेळेत १३२–१३१ असा जिंकला. माझी भाची त्या मुलांत होती. दुसऱ्या दिवशी फोनवर तिचा आवाज पार बसला होता. नागपाड्याच्या कोर्टांवर पिढ्यान्‌पिढ्या बास्केटबॉल जिवंत ठेवणाऱ्या मुंबईला एवढा आनंद मिळायलाच हवा होता. परंतु एनबीएच्या संघासमोर उभा राहील असा व्यावसायिक क्लब भारतात तेव्हा नव्हता, त्यामुळे दोन्ही बाजू बाहेरून आणणे हा तिथे एकमेव मार्ग होता.

ऑस्ट्रेलियाची परिस्थिती तशी नाही. येथील एनबीएल १९७९ पासून चालू आहे. ल्यूक लाँगली, अँड्र्यू बोगट, पॅटी मिल्स, जॉश गिडी अशी नावे या देशाने एनबीएला दिली, आणि लमेलो बॉलसारखा अमेरिकी तरुण २०१९–२० मध्ये इलावारा हॉक्सकडून खेळून मग तिकडे गेला. २०१७ पासून एनबीएलचे क्लब अमेरिकेत जाऊन हंगामपूर्व सामने खेळत आले आहेत. त्याच वर्षी मेलबर्न युनायटेड ओक्लाहोमा सिटी थंडरकडून अवघ्या एका गुणाने, ८६–८५ असा, हरला. आणि २ ऑक्टोबर २०२२ ला एनबीएलच्याच ॲडलेड थर्टी-सिक्सर्सने एनबीएतील फिनिक्स सन्सला त्यांच्याच घरात १३४–१२४ असे हरवले. त्याआधीच्या हंगामात सन्सने ६४ सामने जिंकले होते, एनबीएत सर्वाधिक. आठ वर्षे प्रवासाचा शीण एकाच बाजूने सोसला. पाहुणचाराची परतफेड म्हणून तरी अमेरिकी संघाने एकदा इकडे यायला हवे होते, आणि पेलिकन्सच्या येण्यातली माझ्या दृष्टीने सर्वांत चांगली गोष्ट हीच, की ते मेलबर्नच्या क्लबांशी खेळायला आले. रॉड लेव्हर अरेना ही जागाही योग्य ठरली. सुमारे पंधरा हजारांचे बंदिस्त सभागृह बास्केटबॉलला पुरेसे असते. त्याहून मोठे घेतले की गर्दीचा आकडा वाढतो आणि खेळ लहान होतो.

एक हळहळ मात्र राहिली. व्हिक्टोरियातल्याच बेंडिगोचा खेळाडू डायसन डॅनियल्स याला एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पेलिकन्सनेच २०२२ मध्ये आठव्या क्रमांकावर निवडले होते, आणि २०२४ मध्ये त्याला अटलांटाच्या संघाला देऊन टाकले. तो राहिला असता तर बेंडिगोहून दोन तासांची गाडी चालवून आलेल्या मुलांना आपल्या गावचा माणूस पाहुण्यांच्या वेशात दिसला असता. पुढच्या वेळी कोणता संघ बोलवायचा हे ठरवताना त्यात कोणी ऑस्ट्रेलियन आहे का, हे आधी पाहावे. शाळेच्या सुट्टीतला शेवटचा शनिवार-रविवार साधून सामने ठेवले गेले, ही निवड उत्तम होती. आमच्या रांगेत मोठ्यांपेक्षा मुलेच जास्त होती.

पैशांबद्दल मी स्पष्ट लिहितो. या सामन्यांना व्हिक्टोरिया राज्य सरकारचा पाठिंबा होता, आणि करदात्याचा पैसा यात कशासाठी, हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. माझ्या मुलाच्या संघाचा सराव आठवड्यातून एकदा रात्री पावणेनऊला सुरू होतो, कारण त्याआधी कोर्ट मोकळे मिळत नाही. सरावानंतर ती मुले दहाच्या सुमारास घरी पोहोचतात आणि सकाळी शाळेला जातात. अशा सामन्यांनी खेळाकडे मुले ओढली जाणार असतील, तर ती खेळणार कुठे, याची तरतूद त्याच करारात असायला हवी: पाहुण्या संघाच्या नावाने दोन-चार उपनगरी कोर्टे बांधली किंवा दुरुस्त केली, तर मी पुढच्या वेळी दुप्पट आनंदाने तिकीट काढीन. आणखी एक अनुभव. एका पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावर मला मूळ किमतीच्या जवळजवळ अडीचपट भाव दाखवला गेला, आणि पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर त्यात सेवाशुल्काची भर पडली. मी तो व्यवहार सोडून दिला आणि चार दिवसांनी अधिकृत विक्रीत दोन शेजारच्या जागा मिळाल्या. थोडा धीर धरावा.

पुन्हा असा सामना झाला आणि तुम्ही जाणार असाल, तर कोर्टाच्या अगदी कडेची महागडी जागा घेण्याची गरज नाही. बास्केटच्या मागे, थोडे वर बसावे. दोन्ही संघांची रचना तिथून उलगडताना दिसते, आणि कोण कोणासाठी वाट मोकळी करतो हे समजते. दरवाजे उघडताच आत जावे, कारण खेळाडू सामन्याच्या बरेच आधी एकेकटे सरावाला येतात आणि त्या वेळी मुलांना खालच्या कठड्यापर्यंत जाऊ दिले जाते. आमच्या मुलाने तिथे उभे राहून एका खेळाडूचे एकाच जागेवरून मारलेले फटके मोजले. एकोणचाळीस झाले तेव्हा सुरक्षारक्षकाने त्याला जागेवर जायला सांगितले. तो खेळाडू अजून मारतच होता.