डच गौण वाक्यांसाठी ‘अल्खेमेने नेडरलांड्से स्प्राककुन्स्ट’

डच भाषेचे हे विस्तृत व्याकरण 1984 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले, 1997 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती दोन खंडांत निघाली आणि आता ते संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. मी ते प्रामुख्याने गौण वाक्यांतील शब्दक्रमासाठी वापरतो आणि हा अभिप्राय तेवढ्यापुरताच आहे.

‘वांट इक ड्रिंक कॉफी’ आणि ‘ओमडाट इक कॉफी ड्रिंक’ या दोहोंचा अर्थ ‘कारण मी कॉफी पितो’ असाच होतो. परंतु ‘ओमडाट’ गौण वाक्य सुरू करत असल्यामुळे क्रियापद शेवटी जाते. मराठी माणसाला हा नियम चटकन पटतो, कारण आपले क्रियापद एरवीही शेवटीच असते. खरी अडचण शेवटी दोन-तीन क्रियापदे एकत्र आली की सुरू होते, आणि हे व्याकरण तिथेच सर्वाधिक उपयोगी पडते. ‘त्याने काम केले आहे’ हे गौण वाक्यात ‘डाट है खेवेर्क्ट हेफ्ट’ असेही म्हणता येते आणि ‘डाट है हेफ्ट खेवेर्क्ट’ असेही. भाषाभ्यासक यांना अनुक्रमे हिरवा आणि लाल क्रम म्हणतात. हिरवा क्रम थेट आपल्या ‘केले आहे’सारखा असल्याने आपण त्यालाच चिकटून राहतो; लेखी डचमध्ये मात्र लाल क्रम फार आढळतो. दोन्ही शुद्ध आहेत हे येथे निःसंदिग्धपणे सांगितले आहे, आणि अनेक शिकवण्यांमध्ये एकच क्रम घोकून घेतला जात असताना ही स्पष्टता मला फार मोलाची वाटते.

तीन क्रियापदांचे विवेचन तर उत्कृष्ट आहे. ‘डाट है हेट बूक हेफ्ट मूटन लेझन’ या वाक्यात ‘वाचावे लागले आहे’ याचा क्रम नेमका उलटा होतो, शिवाय ‘मूटन’ हे भूतकालवाचक धातुसाधिताऐवजी मूळ रूपातच राहते; असे का बोलावे लागते, हे उदाहरणांमधून उलगडत जाते.

मात्र सर्व विवेचन डचमध्येच आहे, सराव नाहीत, आणि क्रियापदांच्या अखेरच्या जागेसाठी वापरलेली ‘ट्वेडे पोल’सारखी संज्ञा आधी समजून घ्यावी लागते. त्यामुळे ज्यांना डच वृत्तपत्र सावकाश का होईना वाचता येते, त्यांनीच याकडे वळावे. नवशिक्यांनी आधी सरावाचे पुस्तक घ्यावे आणि शंका आली की त्या-त्या परिच्छेदापुरते हे उघडावे.