तानसेन समारोह: सकाळची सभा की संध्याकाळची?

पुण्या-मुंबईहून ग्वाल्हेरला तानसेन समारोहासाठी, म्हणजे डिसेंबरातल्या शास्त्रीय संगीताच्या उत्सवासाठी, यायचं म्हणणारे रसिक पहिल्यांदा विचारतात ते, यंदा कोण गाणार? मी त्यांना विचारते, कुठली सभा ऐकणार? समारोह चार-पाच दिवस चालतो आणि सुट्टी मिळते जेमतेम दोन दिवसांची. सकाळी सभा असते, संध्याकाळी असते, एक तानसेनांच्या बेहट गावी असते आणि शेवटची किल्ल्याच्या पायथ्याशी गूजरी महालात. या चारही सभांत गाणं निरनिराळं लागतं, त्यामुळे निवड करावीच लागते.

मुख्य जागा हजीरा भागात आहे. तिथे सूफी संत मुहम्मद ग़ौस यांचा भव्य मकबरा आहे, चहूबाजूंनी नाजूक दगडी जाळ्यांचा. नवखा माणूस आधी तिकडेच वळतो. तानसेनांची समाधी त्याच्या शेजारी, खांबांवर उभी, सगळीकडून उघडी आणि लहानशी. जवळचं चिंचेचं झाड सगळ्यांना ऐकून माहीत असतं. त्याचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणून पिढ्यान् पिढ्या गाणाऱ्यांनी तो खाल्ला. मूळ झाड केव्हाच गेलं, आता आहे ते नंतरचं. ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानिकांच्या काळात, १९२४ साली इथे उरुसाच्या निमित्ताने गाणं-बजावणं सुरू झालं आणि २०२४ मध्ये शंभरावा समारोह झाला. प्रवेशाला तिकीट नाही.

संध्याकाळची सभा साधारण सहाच्या सुमारास सुरू होते. मोठी नावं बहुधा याच सभेत असतात. राष्ट्रीय तानसेन अलंकरण हा पुरस्कारही सहसा उद्घाटनाच्या संध्याकाळी दिला जातो. रोषणाई, सजवलेला मंच, गर्दी, सगळा थाट असतो. एखाद्या कलाकारासाठी तुम्ही वर्षानुवर्षं आसुसलेले असाल, तर फार विचार करू नका, संध्याकाळीच या. दरबारी कानडा हा तानसेनांच्या नावावर सांगितला जाणारा राग रात्रीचाच, आणि समाधीपासून हाकेच्या अंतरावर तो कानी पडण्याचा योग दुसरीकडे येणार नाही.

पण डिसेंबरातली इथली रात्र वाद्यांना मानवत नाही. थंडीने तार आखडते आणि सूर चढतो. दंव पडलं की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैलावते आणि तबला उतरतो. म्हणजे दोघं एकमेकांपासून उलट्या दिशेने निघतात. सरोदवाल्याची पंचाईत आणखी मोठी. ज्यावर तारा टेकतात त्या घोडीखाली कातडंच असतं, ते ढिलं पडलं की घोडी खचते आणि तारा बेसूर होतात. मंचावरच्या दिव्यांची ऊब आणि मागून येणारा गार वारा यांच्यामध्ये बसून कलाकार पुन्हा पुन्हा खुंट्या पिळतो, तबलजी हातोडी खाली ठेवतो न ठेवतो तोच परत उचलतो. जाणकार श्रोता हे समजून घेतो. पण विलंबित नुकतं कुठे रंगायला लागावं आणि सूर मिळवायला थांबावं लागावं, याची चुटपुट लागतेच. शिवाय एका संध्याकाळी कलाकार बरेच असतात. प्रत्येकाच्या वाट्याला वेळ बेताचा येतो. राग पुरता उलगडायला ग्वाल्हेरच्या गायकीला लागते तेवढी सवड त्यात क्वचित मिळते.

सकाळची सभा दहाच्या सुमारास असते. धुकं विरायला लागलेलं असतं, ऊन पाठीवर येतं आणि वाद्यं सुरात टिकतात. गर्दी कमी, त्यामुळे पुढे जागा मिळते. पण मी सकाळच्या बाजूने आहे ती रागांसाठी. आपल्या शहरांतल्या मैफली संध्याकाळी होतात. यमन, मारुबिहाग, बागेश्री आपल्याला पाठ आहेत. तोडी, आसावरी, देसी, जौनपुरी, अल्हैया बिलावल हे मात्र बहुतेकांनी ध्वनिमुद्रणांतूनच ऐकलेले असतात. समोर बसून, त्यांच्या स्वतःच्या वेळेला, ऐकायला मिळणं दुर्मीळ. आणि इथे मियाँ की तोडी म्हणजे तानसेनांच्याच नावची तोडी. बिलासखानी तोडी तानसेनांचे पुत्र बिलास खाँनी वडिलांच्या पार्थिवापाशी गायली अशी आख्यायिका आहे. ती समाधीच्या आवारात सकाळी दहा-अकराला कुणी आळवायला घेतली, तर कोमल रिषभावर श्रोत्यांतली चुळबुळ आपसूक थांबते. बारा वाजत आले की सारंगाचे प्रकार सुरू होतात. इतकं नैसर्गिक रागचक्र बंद सभागृहात अनुभवायला मिळत नाही.

प्रत्येक सभेच्या आरंभी इथल्या संगीत विद्यालयांचे विद्यार्थी ध्रुपद गातात. बाहेरून आलेले रसिक याच वेळी चहा शोधत असतात. कृपा करून तसं करू नका. माधव संगीत महाविद्यालय १९१८ साली संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या पुढाकाराने निघालं, शंकर गंधर्व महाविद्यालय त्याहून चार वर्षं जुनं, ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांचं. वासुदेवबुवा जोशी इथे शिकले, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विद्या घेतली आणि ख्याल महाराष्ट्रात नेला. आपण ज्याला महाराष्ट्राचं शास्त्रीय गाणं म्हणतो त्याचं बरंचसं बियाणं या गावचं आहे. त्याच गावातली सोळा-सतरा वर्षांची मुलं पखवाजावर चौताल धरून एकत्र गातात, ती वीस मिनिटं आदराने ऐकावीत.

सकाळच्यातही पहिल्या दिवसाची सकाळ वेगळी काढावी लागेल. त्या दिवशी मैफल नसते. समाधीपाशी सनई वाजते, मग ढोलीबुवा महाराजांच्या मठातर्फे हरिकथा होते, मग मिलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिपठण, आणि चादर. नारदीय कीर्तनावर वाढलेल्या मराठी माणसाला हरिकथेचा बाज लगेच ओळखीचा वाटतो. तोच बाज एका दर्ग्याच्या आवारात, समोर टोप्या घातलेले आणि गंध लावलेले एकाच सतरंजीवर बसलेले असताना ऐकायचा असतो. शंभर वर्षं हे असंच चालू आहे आणि इथल्या कुणालाही त्यात खुलासा करण्यासारखं काही वाटत नाही. माझ्या मते समारोहाचा प्राण इथे आहे. नुसतं मोठं गाणं ऐकायचं असेल तर ते मुंबईतही होतं.

म्हणून एकच दिवस असेल तर पहिला दिवस धरा: सकाळी हरिकथा, दुपारी जीवाजीगंजातलं सरोद घर, म्हणजे सरोदवादक हाफ़िज़ अली खाँ साहेबांचं राहतं घर, जिथे आता वाद्यांचं संग्रहालय आहे, आणि संध्याकाळी उद्घाटनाची सभा. दोन दिवस असतील तर दुसऱ्या दिवसाची सकाळ त्यात जोडा आणि त्या रात्रीचा मोह सोडा. बरोबर वयस्कर मंडळी असतील तर रात्रीचं नाव काढू नका.

बेहट शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. झिलमिल नदीकाठी महादेवाचं कललेलं देऊळ, तानसेनांच्या गाण्याने ते कललं असं लोक सांगतात. सभा सकाळची. स्वतःची गाडी असेल आणि तानसेनांच्या गावाची ओढ असेल तर जा. केवळ गाण्याचा हिशेब केला तर हजीऱ्याची सकाळ सरस ठरते.

गूजरी महालाच्या बाबतीत मात्र मी माझाच नियम मोडते. सभा संध्याकाळची, थंडी तीच, तरीही जावं. मानसिंह तोमरांनी (राज्यकाळ १४८६ ते १५१६) राणी मृगनयनीसाठी बांधलेला हा महाल. ध्रुपदाला राजाश्रय दिला तो याच राजाने, म्हणजे तानसेनांच्या आधीची पायरी ही. वर किल्ल्याचा कडा, मागे दगडी महाल, आणि आवार हजीऱ्याच्या मंडपापेक्षा आटोपशीर, त्यामुळे आवाज फाकत नाही. समारोहाच्या शेवटच्या दिवशीच ग्वाल्हेरला पोचत असाल तर हीच सभा गाठा.

कार्यक्रमपत्रिका भोपाळच्या उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत व कला अकादमीकडून बरीच उशिरा येते, तिची वाट पाहत बसलात तर गाडीचं आरक्षण हातचं जाईल. तारखा कळल्या की तिकीट काढा. पुण्याहून झेलम किंवा गोवा एक्सप्रेस, मुंबईहून पंजाब मेल. येताना त्रास कमी, परतताना गाडी दिल्लीकडून धुक्यातून येते आणि तासन् तास रखडते, तेव्हा पोचल्या दिवशीच कचेरीत हजर व्हायचं ठरवू नका. शाल पुरत नाही, स्वेटर आणि कानटोपी दोन्ही आणा, आणि संध्याकाळी बसणार असाल तर पायमोजे जाड घाला, कारण गारठा खालून, जमिनीतून चढतो.