खडकवासल्याच्या पाण्यात दुहेरी वारंवारतेचा फिशफाइंडर

पाण्यात ध्वनिलहरी सोडून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासे आणि तळ दाखवणारं, ८३ आणि २०० किलोहर्ट्झवर चालणारं हे यंत्र गाळाच्या पाण्यात पैसे वसूल करतं. २०० वर लहरींचा शंकू सुमारे २० अंशांचा, म्हणजे १० मीटर खोलीवर साडेतीन मीटर व्यास. बारकावे सुरेख दिसतात. ८३ वर ६० अंश, व्यास साडेअकरा मीटर. बाजूला पडलेलं खोडही थेट खालीच असल्यासारखं भासतं.

खडक ओळखायला दुसरा प्रतिध्वनी, म्हणजे तळ आणि पृष्ठभाग यांत पुन्हा एकदा आपटून आलेला, बघा. कठीण तळावर तो उमटतो, मऊ गाळावर नुसता जाड, फिकट पट्टा येतो. माशाचा प्रतिध्वनी मुख्यतः त्याच्या वाताशयातल्या (पोटातल्या हवेच्या पिशवीतल्या) हवेमुळे, म्हणून बुडबुडेही मासेच वाटतात! माशांची चित्रं दाखवणारी सोय बंदच ठेवा. ट्रान्सड्यूसरखाली, म्हणजे लहरी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या भागाखाली, हवा अडकली तर पडद्यावरून तळ गायब.