फिफा क्लिअरिंग हाउस: उपयुक्त, पण अपुरी सेवा

लहान फुटबॉल अकादमीत घडलेला मुलगा श्रीमंत क्लबात गेला, की त्याला घडवणाऱ्यांना बदलीच्या रकमेतील आपल्या वाट्यासाठी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करावा लागे. नोव्हेंबर २०२२ पासून पॅरिसमधून चालणाऱ्या फिफा क्लिअरिंग हाउस या वाटा पोहोचवणाऱ्या सेवेने ते चित्र बदलायला घेतले, हे तिचे मोठे श्रेय आहे. खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक पासपोर्टवरून, म्हणजे त्याच्या क्लब-नोंदणीच्या इतिहासावरून, तो वयाच्या १२ ते २३ वर्षांदरम्यान कोठे शिकला हे ठरते आणि आंतरराष्ट्रीय बदलीच्या (दुसऱ्या देशातील क्लबात जाण्याच्या) रकमेतील ५ टक्के वाटा त्या क्लबांना विभागून मिळतो. मुळातली नोंदणीच अपुरी असेल तर हा हक्क सिद्ध करणे अवघड होते, म्हणून आपल्याकडील अकादमींनीही नोंदणीत हयगय करू नये.

खरी उणीव वेगळीच आहे. एकाच देशातील बहुतेक बदल्या या सेवेच्या कक्षेबाहेर राहतात. इंग्लंडमध्ये २०१२ च्या नियमांनी दुसऱ्या क्लबाच्या अकादमीतील मुले घेताना द्यायच्या भरपाईचे दर बांधून दिले. गुणी मुले मोठे क्लब अल्प मोबदल्यात नेऊ लागल्यावर लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबाने २०१६ मध्ये आपली अकादमीच बंद केली. अशा प्रशिक्षकांच्या कष्टांना या सेवेत काहीच आधार नाही, आणि म्हणूनच मी पाचपैकी तीन तारे देतो.