कमिटीची पॉलिसी निघाली अ‍ॅक्टिव्हाची

नागपुरात सदरकडच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, मी सेक्रेटरी. पगार नाही, मान थोडा, सह्या भरपूर. आमची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, म्हणजे पाळकसाहेब धरून कमिटीतले आम्ही सातही जण विश्वस्त. आपल्या हलगर्जीनं ट्रस्टचं नुकसान झालं तर ते आपल्याच खिशातून वसूल होऊ शकतं, हे आम्हाला पहिल्यांदा सांगितलं ते एका विमा एजंटनं. तेवढं मात्र तो खरं बोलला.

मे २०२३. कूलरच्या घरघरीत कमिटीची मीटिंग. एजंट गडी दुसऱ्या मंडळीतला. आल्या आल्या ‘सलाम ब्रदर’, पाळकसाहेबांच्या गुडघ्याची चौकशी, आणि मीटिंगच्या सुरुवातीची प्रार्थनाही त्यानंच केली. आता प्रार्थना करणाऱ्या माणसाला ‘लायसन्स दाखव’ कोण म्हणणार? ५० लाखांचं ट्रस्टी लायबिलिटी कव्हर, हप्ता ३५,००० आणि १८ टक्के जीएसटी धरून ४१,३००. कोर्टात खेचलं तर वकील कंपनीचा, दंड झाला तर कंपनी भरेल, नाताळच्या मांडवात कोणी पडून हातपाय मोडले तर तेही कंपनी बघेल.

असा विमा खरोखर मिळतो. कंपन्यांचे संचालक घेतात त्या डायरेक्टर्स अँड ऑफिसर्स पॉलिसीचाच हा प्रकार. पण तो कारभारातल्या चुकांवरच्या दाव्यांसाठी असतो. मांडवातल्या अपघाताला पब्लिक लायबिलिटी, म्हणजे बाहेरच्या लोकांना झालेल्या इजेची पॉलिसी, वेगळी घ्यावी लागते, आणि फौजदारी दंड सहसा कोणतीच पॉलिसी भरत नाही. शिवाय खरी कंपनी हा विमा देण्याआधी ऑडिट झालेले हिशेब मागते, आधीचे वाद, नोटिसा विचारते, कारण माहीत असलेलं भांडण लपवलं तर क्लेम नाकारता येतो. यानं काय मागितलं? नोंदणीच्या दाखल्याची झेरॉक्स आणि माझं आधार कार्ड. दहा मिनिटांत फॉर्म भरून मोकळा! तिथंच खटकायला हवं होतं. आम्हाला वाटलं, किती सुटसुटीत काम आहे.

पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात गेले. ‘कंपनीचं पोर्टल डाउन आहे, मी भरून टाकतो.’ व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली, रंगीत, शिक्क्यासकट. मे २०२४ मध्ये नूतनीकरण, पुन्हा ४१,३००.

त्याच वर्षी नोव्हेंबरात कामावरून काढलेल्या चौकीदाराच्या वकिलाची नोटीस आली, सातही जणांच्या नावानं. खरं सांगतो, मी जरा निवांतच होतो. एजंटला फोन लावला: मीटिंगमध्ये आहे. दुसऱ्या दिवशी: गावाला आलोय. मग फोनच बंद.

कंपनीच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं पॉलिसी नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘काका, ही तर टू-व्हीलरची आहे.’ नंबर खरा होता, पण कुठल्यातरी एमएच ४९ पासिंगच्या अ‍ॅक्टिव्हाचा. नुसता थर्ड पार्टी, ७१४ रुपये अधिक जीएसटी. आमच्या पीडीएफमध्ये मंडळीचं नाव आणि रक्कम वर चिकटवली होती. घरी येऊन चष्मा लावून पाहिलं तर ‘५०,००,०००’ मधली शून्यं बाकीच्या आकड्यांपेक्षा जाड. दीड वर्ष ती फाईल माझ्याच कपाटात होती.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, पण पैसे जाऊन महिने लोटले होते, ते अडवणार कुठून! पोलिसांत तक्रार दिली आहे, तपास चालू आहे. कोणी अशी पॉलिसी घेत असाल तर चेक कंपनीच्याच नावानं द्या. पॉलिसी हातात आली की त्याच दिवशी कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून पॉलिसी नंबर कोणाच्या नावावर आहे ते विचारा, पीडीएफवर छापलेल्या नंबरवर नको. विमा नियामकाची हेल्पलाइन १५५२५५ आहे.

सर्वसाधारण सभेत एका आजीनं विचारलं, ‘कापणीच्या सणाला मी मंडळीला दिलेला भोपळा लिलावात ५०० ला गेला होता, ते पैसे यातच गेले का रे?’ मला उत्तर देता आलं नाही. मग एका सभासदानं लेखी मागणी केली: चौकशी न करता मंडळीचे ८२,६०० घालवले ही कमिटीची हलगर्जी, रक्कम कमिटीनं भरावी. यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. सातात भागले, प्रत्येकी ११,८००. पाळकसाहेबांनी दोन हप्त्यांत दिले.