वरची दाढ काढल्यावर नाकातून पाणी येत असेल तर इथं दाखवा
जुळे सोलापुरातल्या या दाताच्या दवाखान्याला माझे पाचपैकी पाच स्टार. आईची वरची मागची दाढ दुसरीकडं काढली होती, तिथं कापूस चावायला देऊन घरी पाठवलं, बाकी शब्दानं काही सांगितलं नाही. रात्री पाणी प्यायला घेतलं तर निम्मं नाकातनं बाहेर. "नाकातनं पाणी येलालंय बघ" म्हणून आई पार घाबरून गेली.

सकाळीच इथं आणलं. मॅडमनी ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्सरे) काढला आणि स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं की काहींच्या वरच्या दाढांची मुळं सायनसच्या, म्हणजे नाकाशेजारी गालाच्या हाडातल्या पोकळीच्या, तळाला अगदी टेकलेली असतात, मधे पापुद्र्याएवढंच हाड, दाढ निघताना ते तुटलं की तोंडातनं सायनसमध्ये वाट पडते. भोक 2 मिमीच्या आत असलं तर रक्ताची गुठळी धरून बहुतेक वेळा आपोआप भरतं, आईचं जरा मोठं होतं म्हणून आत जेलफोम (रक्ताची गुठळी धरून ठेवणारा, आपोआप विरघळणारा स्पंज) ठेवून टाके घातले. खर्च आधीच सांगितला, बिल तेवढंच आलं.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. "काकू, दोन आठवडे नाक अजिबात शिंकरायचं नाही, शिंक आली तर दाबू नका, तोंड उघडं ठेवून शिंका", स्ट्रॉ नको, खळखळून चूळ नको, मिश्री बंद. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पण बंद, कारण चटणीचा भुगा खड्ड्यात जाऊन बसतो, मऊ भाकरी दुधात कुस्करून खा म्हणाल्या. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करायचा, पण नाकातले ड्रॉप्स पाचच दिवस, जास्त टाकले तर नाक उलट चोंदतं. हे सगळं मराठीत कागदावर लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून आईशी बोलल्या, एवढं कोण करतं हो आजकाल!

संध्याकाळी गर्दी फार, अपॉइंटमेंट असून बसावं लागतं, गाडी लावायलाही जागा नाही.

दाढ काढल्यावर एकाच बाजूचं नाक गळत असेल, तोंडात घाण चव येत असेल, तर सर्दी समजून घरी गोळ्या घेत बसू नका, भोक तीनेक आठवडे उघडं राहिलं की आतनं कातडी धरते आणि मग बहुतेकदा ऑपरेशनच करावं लागतं. दवाखाना रविवारी बंद असतो, आधीचा एक्सरे असेल तर सोबत न्या.